माझी गाडी जळल्याची बातमी

माझी गाडी जळली हे मला नणंदेनं फोन करून सांगितलं. रविवारची सकाळ होती. दारव्ह्याच्या घरी मी ओट्यापाशी वांगी चिरत होते आणि अकोल्याहून नणंद रडवेल्या आवाजात विचारत होती, "वहिनी, तुम्ही बऱ्या आहा ना? हातपाय तर नाही भाजले?"

"माझे कायले भाजतील?"

"गाडी जळली ना तुमची! आमच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. बोरीच्या रोडवरचा."

मी हातातल्या सुरीसकट अंगणात गेले. गाडी निंबाखाली उभी होती. खिडकीतून बाहेर काढलेली वायर तिच्यात खोचलेली, चार्जिंगचा हिरवा दिवा लुकलुकत होता, आणि सीटवर कावळ्यानं घाण करून ठेवली होती.

"इथंच आहे गाडी," मी म्हणाले. "धडधाकट."

नणंदेनं नाक ओढलं. मग म्हणाली, "पक्कं तुमचीच हाय ना ते?"

मी हसले, पण फोन ठेवल्यावर वाकून नंबरप्लेट वाचली.

थोड्या वेळात तो व्हिडिओ माझ्याही फोनवर आला, आणि मग येतच राहिला. दोन्ही बाजूंना झाडं असलेला डांबरी रस्ता, मधोमध आकाशी रंगाची स्कूटर, तिच्यातून आधी पांढरा आणि मग काळा धूर, आणि एकदम भडका. बाजूला एक बाई उभी. तोंडाला ओढणी गुंडाळलेली, खांद्याला पर्स, एक हात डोक्यावर. उन्हाळ्यात मी अगदी तशीच ओढणी बांधते. माझी गाडीही आकाशीच. खाली कुणीतरी लिहिलं होतं की बोरी अरबच्या शाळेतल्या शिक्षिकेची बॅटरीवरची गाडी काल संध्याकाळी पेटली, बाई थोडक्यात वाचल्या. मी बोरी अरबच्या शाळेत शिकवते आणि गावात बॅटरीवरच्या गाडीनं येणारी शिक्षिका मी एकटीच. व्हिडिओतल्या त्या बाईकडे मी इतक्या वेळा पाहिलं की काल संध्याकाळी मी कुठे होते हे आठवून पाहावं लागलं. घरीच होते. मुलीशी फोनवर बोलत होते, ती पुण्याला शिकते.

यजमान आंघोळ करून आले. त्यांनी व्हिडिओ पाहिला, खिडकीतून गाडी पाहिली, आणि स्वयंपाकघरातून लाटणं आणून त्या लाटण्यानं भिंतीवरचं चार्जिंगचं बटण बंद केलं.

"अहो, आपली नाही ती," मी म्हणाले.

"आपली नाही हे मलाही दिसतं. पण तशीच आहे ना?"

या गाडीचा आग्रह खरं म्हणजे त्यांचाच. ते कचेरीत कारकून आहेत आणि जेवणाच्या सुट्टीत फोनवर बातम्या वाचणं हा त्यांचा मोठा छंद. मी आधी बसनं आणि काळी-पिवळीनं बोरीला जायचे. बस वेळेवर आली तर उभं राहून जायचं आणि नाही आली तर जीपमध्ये कोंबून. पेट्रोलचे दिवस संपले, असं यांनी एक दिवस जेवताना जाहीर केलं आणि पुढच्या महिन्यात आम्ही यवतमाळहून ही गाडी आणली. पहिले काही महिने ते शेजाऱ्यांना बोलावून गाडी चालू करून दाखवायचे. "आवाज आला का?" विचारायचे. नाही म्हटलं की खूश व्हायचे.

मग बातम्या बदलल्या. म्हणजे बातम्या आधीही तशाच असतील, आम्ही त्या गाडीवाले होऊन वाचायला लागलो. आज वाचावं की सरकार या गाड्यांना मदत देतं, आणि उद्या वाचावं की दिलेली मदत काही कंपन्यांकडून सरकारच परत मागतंय, कारण गाडीतले सुटे भाग देशी आहेत असं सांगून बाहेरचे बसवले होते. कुठे शोरूमसमोर गिऱ्हाइकांनी गोंधळ घातला. कुठे कंपनीनं सांगितलेलं अंतर गाडी जातच नाही म्हणून तक्रारी. हवा स्वच्छ होणार म्हणावं तर यांनी एके दिवशी पानावर बसल्या बसल्या मला सुनावलं, "वीज कशातून येते? कोळशातून. कोळसा कुठून येतो? वणीच्या खाणीतून. म्हणजे तुझी गाडी वणीच्या कोळशावर चालून राह्यली."

माझी आत्या वणीला असते. तिच्या दोरीवरचे कपडे संध्याकाळपर्यंत काळपट होतात. मी घास घेता घेता थांबले. मग मी करते ते चांगलं की वाईट? यांना विचारलं तर म्हणाले, "तसं नाही, चांगलंच आहे. पण आहे ते असं आहे."

सोमवारी शाळेत गेले तर फाटकातच पोरांनी गलका केला. "मॅडम वाचल्या! मॅडम वाचल्या!" एका मुलीनं गाडीला हात लावून पाहिला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. मुख्याध्यापक सर फार सज्जन माणूस. त्यांनी मला ऑफिसात बोलावून बसायला सांगितलं आणि बराच वेळ पंख्याकडे पाहत राहिले.

"मॅडम, गैरसमज करून घेऊ नका. आपला विश्वास आहेच. पण गाडी ते पोषण आहाराच्या खोलीपासून जरा दूर लावता का? तिथं गॅस असते."

"सर, ती जळलेली गाडी माझी नाही."

"मला ठाऊक आहे ना. तुमची समोरच उभी आहे." ते पुन्हा पंख्याकडे पाहायला लागले. "पण लोक विचारून राह्यले. मी काय सांगू, तुम्हीच सांगा."

मी गाडी मागच्या कुंपणापाशी नेऊन लावली. तिथं दिवसभर ऊन. बॅटरी उन्हात ठेवू नका असं पुस्तिकेत लिहिलेलं.

मधल्या सुट्टीत गणिताच्या मॅडम माझ्या बाकावर येऊन बसल्या. त्या माझ्याहून बऱ्याच लहान. शाळेत आम्ही एकमेकींना मॅडम म्हणायचो, बाहेर त्या मला ताई म्हणायच्या. दिग्रसच्या पलीकडच्या एका बंजारा तांड्यातल्या. वडील वारलेले, भाऊ नाही, आई तांड्यावर एकटी. आईला त्या याडी म्हणत. आठवडाभर दारव्ह्यात खोली करून राहायच्या आणि माझ्याच गाडीवर मागे बसून शाळेत यायच्या. शनिवारी बसनं दिग्रस, तिथून दुसऱ्या गाडीनं फाट्यापर्यंत, आणि फाट्यावरून पायी. तांड्यात बस जात नाही. याडीचे गुडघे दुखायला लागल्यापासून त्यांना रोजच घरी जायचं होतं, आणि त्यासाठी माझ्यासारखीच गाडी घ्यायचं त्यांनी ठरवलं होतं. येत्या शनिवारी आम्ही दोघी यवतमाळला जाऊन गाडी नक्की करणार होतो.

"ताई," त्या म्हणाल्या, "घेऊ का नको? एका शब्दात सांगा."

त्या माझ्याशी पहिल्यांदाच शाळेत ताई म्हणून बोलल्या होत्या.

मी तोंड उघडलं. घ्या म्हणावं तर तो भडका डोळ्यापुढे. नको म्हणावं तर मीच रोज तिच्यावर बसून येते, या मॅडमनाही बसवून आणते. इतके महिने गाडीनं मला काही त्रास दिला नव्हता. पण त्या व्हिडिओतल्या बाईलाही आदल्या दिवसापर्यंत त्रास नसेलच.

"आज शाळा सुटल्यावर ती जागा पाहून येऊ," मी म्हणाले. उत्तर टाळल्याचं त्यांना कळलं.

बोरीतून यवतमाळच्या दिशेनं निघालो. झाडं व्हिडिओत होती तशीच दिसत होती, पण मग सगळ्याच रस्त्यावर तशीच दिसायला लागली. एका वळणापुढे चहाची टपरी होती आणि तिच्यासमोर रस्त्यावर खरोखरच मोठा काळा डाग होता. डांबर वितळून पुन्हा थिजलेलं. बाजूच्या गवताचा एक पट्टाही जळलेला. म्हणजे इथं काहीतरी जळलं होतं.

आम्ही चहा सांगितला. टपरीवाल्या बाईंना विचारलं.

"गाडी जळली ना," त्या म्हणाल्या. "मोटरसायकल होती. पेट्रोल गळून राह्यलं होतं, त्यानं बिडी पेटवली."

बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. ते म्हणाले, "नाही वो, बॅटरीची होती. शिक्षिका होती एक. व्हिडिओ नाही पाह्यला काय?"

"तुम्ही होते तेव्हा इथं?" मी विचारलं.

"मी नव्हतो. मी लग्नाले गेलतो. पण व्हिडिओत इथलंच हाय सगळं."

टपरीवाल्या बाई चिडल्या. "मी इथं होती का तुम्ही?"

"मंग बिडी पेटवणारा कोन होता? नाव सांगा."

"आता येनाऱ्या-जानाऱ्याचं नाव मी इचारू काय?"

मग चहा गाळता गाळता बाईच जरा नरमल्या. म्हणाल्या, त्या तेव्हा मागे पाणी आणायला गेल्या होत्या. परतल्या तेव्हा जाळ होता आणि लोकांनी माती टाकलेली. मोटरसायकलच असावी, कारण नंतर टेम्पोत टाकून नेली तेव्हा चाकं मोठी दिसली. बिडीचं कुणीतरी सांगितलं होतं.

"ती शिक्षिका मीच," मी म्हणाले. "पण माझी गाडी ही अशी उभी आहे."

म्हाताऱ्यांनी गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि समाधानानं मान हलवली. "नवी घेतली. बरं केलं."

परतताना दारव्ह्यात शिरल्यावर गणिताच्या मॅडम मागून एकदम हसायला लागल्या. मग मलाही हसू आलं. पण घरी गाडी निंबाखाली लावली तेव्हा मी वायर लावू का नको असा विचार करत बराच वेळ उभी होते, आणि शेवटी लावली, कारण सकाळी शाळेत जायचं होतं.

शनिवारी सकाळची शाळा करून आम्ही यवतमाळला गेलो. गाडी बोरीतच शाळेत ठेवली आणि बसनं गेलो. समोर काचेचं चकचकीत शोरूम होतं, नव्या गाड्यांना फुगे लावलेले. मागच्या बाजूला टिनाच्या शेडखाली जुन्या गाड्या धूळ खात उभ्या होत्या. सुटा भाग यायचा आहे, एवढंच प्रत्येकीबद्दल उत्तर.

काउंटरवरची मुलगी गोड बोलणारी होती. व्हिडिओ पाहून ती लगेच म्हणाली, "मॅडम, ही आपल्या कंपनीची नाहीच." तेवढ्यात मागून हात पुसत मेकॅनिक आला. त्यानं वाकून पाहिलं. "आपलीच हाय. पण जुनं मॉडेल. आता बॅटरी बदलली त्यायनं." मुलीनं त्याच्याकडे रोखून पाहिलं. तो मागे निघून गेला.

मग खुद्द मालक बाहेर आले. त्यांनी व्हिडिओ शेवटपर्यंत जाऊ दिला आणि बरोबर शेवटच्या क्षणी बोट ठेवून थांबवला. कोपऱ्यात एका दुकानाची पाटी होती. गोल गोल अक्षरं, दक्षिणेकडची. "वाचा, ही काय मराठी आहे? हे तिकडचं आहे. खाली बोरीचं नाव कुणीतरी चिकटवलं."

माझ्या जिवात जीव आला. इतक्या वेळा पाहूनही मला ती पाटी दिसली नव्हती. मी फक्त त्या बाईकडे पाहत होते.

"मग आमच्या रस्त्यावर जे जळलं ते?" गणिताच्या मॅडमनी विचारलं.

"ते आमचं नाही."

"कोणाचं हाय?"

"ते आम्ही कसं सांगणार? आमचं नाही एवढं नक्की."

"आणि दक्षिणेकडची गाडी, ती तुमच्या कंपनीची हाय का?"

मालकांनी घाम पुसला. म्हणाले, चौकशी चालू आहे, गिऱ्हाईक भलता चार्जर लावतात, उन्हातून आल्या आल्या लावतात, पाईप धरून गाडी धुतात. "आणि पेट्रोलच्या गाड्या जळत नाहीत का? त्यांचे व्हिडिओ कोणी पाठवत नाही."

तेही खरंच होतं. त्यांचं प्रत्येक वाक्य खरं वाटत होतं, आणि सगळं मिळून मला काही कळत नव्हतं.

शेडपाशी एक शेतकरी गृहस्थ स्वतःच्या बंद गाडीवर टेकून बसले होते. दिवाळीपासून गाडी इथंच असल्याचं त्यांनी आम्हाला चढ्या आवाजात सांगितलं. कंपनीला शिव्या दिल्या. गणिताच्या मॅडमनी विचारलं, "मग भाऊ, घेऊ नको म्हणता?"

"नाही जी, घ्या न बिनधास्त," ते एकदम मऊ आवाजात म्हणाले. "चालते तेव्हा भल्लीच चांगली चालते. विमानावानी. मी पण ठीक झाली का हेच चालवीन."

त्या दिवशी मॅडमनी गाडी नक्की केली नाही. बसमध्ये खिडकीशी बसून त्या मला म्हणाल्या, "ताई, आता मले पहिल्यापेक्षा कमी समजून राह्यलं." मग थोड्या वेळानं, "उद्या तुमच्या गाडीवर तांड्यावर जाऊ. याडीले दाखवू. रस्ता झेपते का तेही समजन."

रविवारी सकाळी निघताना यजमानांनी शंभर सूचना दिल्या. घाईनं नेऊ नको, चढावर सांभाळ, जास्त गरम लागली तर लगेच उतरून दूर जा. "दूर म्हणजे किती?" मी विचारलं. त्यांनी अंगणातून फाटकाकडे पाहिलं, मग फाटकाबाहेर पाहिलं, आणि म्हणाले, "बरीच."

मॅडम चालवत होत्या, मी मागे. पळस फुलून गेला होता आणि दिग्रसच्या रस्त्याला दोन्हीकडे केशरी दिसत होतं, पण मी सगळा वेळ त्यांच्या खांद्यावरून गाडीच्या पडद्याकडे पाहत होते. तिथला आकडा कधी बराच वेळ हलायचा नाही आणि कधी एका उतारावर, जिथं काही कारणच नाही, भराभर खाली यायचा. दिग्रस मागे पडेपर्यंत आम्ही निश्चिंत होतो. फाट्यापाशी आलो तेव्हा परतीपुरतं काही उरणार नाही हे दोघींनाही कळलं. "घरी लावू ना चार्जिंगले," मॅडम म्हणाल्या. तांड्यात शिरलो, याडीच्या दारात वायर लावली, हिरवा दिवा लागला, आणि आम्ही चपला काढून आत जाईपर्यंत लाइट गेली.

याडी ठेंगण्या, सडपातळ, पांढऱ्या केसांच्या. एक हात गुडघ्यावर ठेवून चालायच्या. त्यांनी आधी लेकीला काहीतरी सुनावलं, गोर बोलीत, मला कळलं नाही, पण सूर सगळ्या आयांचा असतो तसाच. मग मला पाणी दिलं. ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी वाढली. मी जेवताना त्या दारात बसून गाडीकडे पाहत होत्या. व्हिडिओ त्यांच्याही कानावर आला होता. तांड्यात कुणीतरी दाखवला होता.

"हे जळते म्हनते लोकं," त्या मराठीत म्हणाल्या.

"हो, म्हणतात," मी म्हणाले.

"मंग तुमी दोघी यावर बसून कायले आल्या?"

मॅडम हसत सुटल्या. मी घास हातात धरून बसले. याडी हसत नव्हत्या, त्या खरंच विचारत होत्या. मला सांगता आलं असतं की तो व्हिडिओ दक्षिणेकडचा आहे. पण बोरीच्या रस्त्यावरचा डाग दक्षिणेकडचा नव्हता. सांगता आलं असतं की पेट्रोलच्याही जळतात, पण मग याडी विचारणार, तर पायी काहून नाही आल्या?

"सवय झाली," मी शेवटी म्हणाले.

याडींनी थोडा विचार केला. "हो," म्हणाल्या. आणि उठून लेकीला म्हणाल्या की मलाही बसव.

उरलेल्या चार्जिंगवर त्यांना फाट्यापर्यंत नेऊन आणायचं ठरलं. मी दारात उभी राहून पाहत होते. याडींनी एका बाजूला पाय सोडून बसायचं ठरवलं, मग लेकीच्या कमरेला दोन्ही हातांनी मिठी घातली आणि डोळे मिटून घेतले. गाडी काही आवाज न करता निघाली. वळणावर रस्त्यात एक बकरी निवांत बसली होती, तिला काही ऐकूच आलं नाही. मॅडमनी कचकन ब्रेक दाबला, बकरी अंगावर पाणी पडल्यासारखी उडाली, आणि तांड्यातले लोक घरातून बाहेर आले. याडींनी डोळे उघडले तेव्हा त्या परत दारात होत्या.

"गुडघा नाही दुखला," त्या मला म्हणाल्या. "पर आवाज नाई याचा. बकरीले कसं समजन?"

लाइट दुपार उतरल्यावर आली. आम्ही तोवर सावलीत बसून राहिलो. याडी झोपल्या, आणि मॅडमनी मला सांगितलं की वडील गेले तेव्हा त्या वेळेवर पोचल्या नव्हत्या. बस चुकली होती. फाट्यावरून पळत आल्या होत्या. एवढंच सांगून त्या गाडीचा दिवा पाहायला उठल्या. मी त्यांना नको म्हणावं असं तेव्हा मनात आलं होतं की घ्या म्हणावं असं, हे मला आज आठवत नाही. दोन्ही आलं असेल.

त्यानंतरच्या आठवड्यात कंपनीचा मेसेज आला. काही गाड्यांच्या बॅटऱ्या तपासायला परत बोलावल्या होत्या आणि माझी गाडी त्यांत होती. मेसेजमध्ये पहिल्या ओळीत लिहिलं होतं की घाबरण्याचं कारण नाही, ही फक्त खबरदारी. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की तोपर्यंत गाडी घराच्या आत चार्ज करू नये.

"पाहा," यजमान म्हणाले. त्यांना आनंद झाला होता की भीती वाटली होती, त्यांच्या तोंडावरून सांगता आलं नसतं.

त्या दिवशी माझं ठरलं. आता मला एक शब्द सापडला होता. गाडी यवतमाळला पोचवून दुसऱ्या दिवशी जीपमधून शाळेत गेले आणि मधल्या सुट्टीत गणिताच्या मॅडमना म्हणाले, "घेऊ नका."

त्यांनी पर्समधून पेढा काढून माझ्या हातावर ठेवला. "ताई, मी काल शाळा सुटल्यावर घेतली."

"हीच?"

"हीच. नवीन बॅटरीची."

"अहो, पण त्यांनीच माझी परत बोलावली! मी फोनवर सांगितलं ना तुम्हाला."

"म्हणूनच तर घेतली. यायनं बोलावली म्हणजे यायले कोणती खराब हाय ते समजते. जे बोलावतच नाहीत त्यायचं काय?"

मी पेढा तोंडात घातला. त्यांचं बरोबर होतं. माझंही बरोबर होतं. एकाच मेसेजवरून आम्ही दोघी दोन टोकांना जाऊन बसलो होतो, आणि त्यांना मात्र कसलाच गोंधळ नव्हता. त्यांनी मला विचारणं केव्हाच सोडून दिलं होतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. मला थोडं वाईट वाटलं आणि बरंच हलकं वाटलं.

मग दिवसच फिरले. माझी गाडी यवतमाळला टिनाच्या शेडखाली, आणि मी गणिताच्या मॅडमच्या मागे बसून शाळेत. त्या आता रोज संध्याकाळी तांड्यावर जायच्या. सकाळी तिकडून निघून दारव्ह्यात मला घ्यायच्या. गाडी चांगली चालत होती. एकदाच दिग्रसच्या बाजारात पडदा काळा पडला आणि गाडी ठप्प झाली. लोकांनी ढकलून बाजूला घेतली, कुणी पाणी आणलं, कुणी दूर व्हा म्हणून ओरडलं. त्या रसवंतीत रस प्यायला बसल्या आणि परत आल्या तर गाडी चालू होती. शोरूमला फोन केला तर म्हणाले, अपडेट आलं असेल. "अपडेट म्हणजे काय झालं?" त्यांनी विचारलं. "सुधारणा झाली मॅडम." काय सुधारलं ते काही त्यांना सांगता आलं नाही.

याडी आता शेजारणीकडे जायलाही गाडी मागतात, असं त्या सांगायच्या. बकऱ्यांसाठी फाट्यापासून हॉर्न वाजवत यायची ताकीद होती, त्यामुळे तांड्यात आवाज न करणारी गाडी सगळ्यांत जास्त आवाज करत शिरायची.

माझी गाडी परत न्या म्हणून फोन आला तेव्हा शाळेला उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागायला आल्या होत्या. यजमान बरोबर आले. मेकॅनिकनं गाडी पुसून आणून उभी केली.

"काय निघालं?" यांनी विचारलं.

"काही नाही जी. ठीकच होती."

"मग इतके दिवस काय केलं?"

"तपासली ना."

"बॅटरी बदलली का तीच आहे?" मी विचारलं.

त्यानं फोनवर काहीतरी पाहिलं. "सिस्टीमले बदललेली दाखवून राह्यली."

"म्हणजे बदलली."

"दाखवते म्हणजे बदलली असन."

"तुम्ही बदलली का?"

"मी सुट्टीवर होतो ना मॅडम तेव्हा."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. यांनी सीट उचलून खाली वाकून बॅटरीच्या डब्याकडे निरखून पाहिलं. तो काळा होता. आधीही काळाच होता. हे सीट खाली ठेवून म्हणाले, "चल."

परत येताना यांनी चालवली. घाटाच्या उतारावर मला विचारलं, "हलकी वाटते का जरा?" मी म्हणाले, वाटते. मग थोड्या वेळानं म्हणाले, "का जड आहे?" मी म्हणाले, असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वायर काढली, ओढणी बांधली आणि गाडीवर बसून बटण दाबलं. पडदा उजळला. त्यावर पूर्वी नव्हतं असं एक नवं चिन्ह होतं, पिवळं, लहानसं, गोलात रेघ. पुस्तिकेत ते नव्हतं. यांना हाक मारून दाखवलं तर त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं, खाली ओढून पाहिलं, आणि म्हणाले, "लाल नाही ना, म्हणजे चालेल." मी थोडा वेळ तशीच बसून राहिले. उतरावं असंही वाटत होतं. पण प्रार्थनेची वेळ होत आली होती, मॅडमना आजपासून घ्यायला येऊ नका असं मीच सांगितलं होतं, आणि बस केव्हाच निघून गेली होती.